सॅमसन मास्तरांच्या मोटारीची साखळी

मी एक जुनी साखळी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. दाराला घालतात ती साखळी मी नव्हे आणि सायकलची तर नव्हेच. मोटारीच्या इंजिनात अगदी पुढच्या बाजूला, पत्र्याच्या बंद झाकणाआड जी फिरत असते, ती टायमिंग चेन मी. सध्या माझा मुक्काम रोह्यात, केरू मेकॅनिकच्या गॅरेजात, भिंतीवरच्या एका खिळ्यावर आहे. इथून रस्ता दिसतो, माणसं दिसतात. सगळं आयुष्य काळोखात काढलेल्या मला म्हातारपणी हे सुख लाभलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कडीला कडी जोडत एका कामगाराने मला घडवलं आणि दुसऱ्याने इंजिनात बसवलं. इंजिनात दात असलेली दोन चाकं असतात. खालचं लहान चाक पिस्टनांबरोबर फिरतं. वरचं मोठं चाक झडपांची उघडझाप करतं, म्हणजे इंजिनाने श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा ते ठरवतं. त्या दोघांना एका तालात ठेवणं हे माझं काम. दोन्ही चाकांवर एकेक ठिपका असतो. मला चढवताना ते ठिपके समोरासमोर आणायचे. त्या कामगाराने ते आणले, डोळा बारीक करून पाहिले आणि म्हणाला, "खुणेला खूण लागली." मग झाकण बसलं आणि माझ्यापुरता सूर्य मावळला.

मोटारीच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता आणि उगाच माझ्या माहेराला बोल लागायला नको. गाडी आधी मुंबईच्या एका डॉक्टरांकडे होती. पंच्याहत्तर साली ती रोह्याच्या सॅमसन अष्टमकर मास्तरांकडे आली. मास्तर हायस्कूलात गणित शिकवायचे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची, रोह्यालगतच्या अष्टमीत एके काळी बरीच घरं होती. एकेक करत सगळे इस्रायलला गेले, मास्तर राहिले. "मी गेलो तर नववीला भूमिती कोण शिकवणार?" असं ते म्हणायचे. रिटायर झाल्यावरही ते हेच कारण सांगत. लोक हसायचे आणि पुन्हा विचारायचे नाहीत.

मित्रांनो, मोटारीच्या घरात न्याय नसतो हो. बॅटरीला महिन्याला पाणी मिळायचं. प्लग काढून पुसले जायचे. दसऱ्याला शेजारीपाजारी आपल्या गाड्यांना हार घालत, तेव्हा मास्तरही हौसेने गाडी धुवायचे आणि टायरना काळा रंग लावायचे. माझी आठवण मात्र कुणालाच नव्हती. मला पाहिजे तरी काय होतं? वेळेवर बदललेलं चांगलं तेल, बस्स. मास्तर गणितात पक्के, पण तेल बदलायच्या तारखेत नेहमी कच्चे. हळूहळू माझ्या कड्या झिजल्या आणि मी सैल पडले. मला ताणून धरणारा टेन्शनर म्हणजे स्प्रिंगवर बसलेली एक छोटी पट्टी. त्याचीही स्प्रिंग थकली. मग सकाळी गाडी सुरू झाली की मी खळखळ करायला लागले. ती माझी हाक होती. केरू यायचा, वरच्यावर झडपांवरचे टॅपेट आवळायचा आणि म्हणायचा, "मास्तर, जुनी गाडी हाय. म्हाताऱ्या मान्सागत बोलायचीच." केरू मास्तरांचाच विद्यार्थी. भूमितीत तो दोनदा नापास झाला होता. मला त्याचं नवल वाटत नसे.

त्या घरात माझी खळखळ ऐकणारं एकच माणूस होतं, मास्तरांची मुलगी ज्युडिथ. तिची आई लवकर गेली. बापाला हत्यारपेटीतले पाने काढून देता देता ती मोठी झाली आणि आयटीआय करून धाटावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागली. पंप, कंप्रेसर, काय वाटेल ते दुरुस्त करायची. शिफ्टवरून आली की बोनेटवर हात ठेवून म्हणायची, "बाबा, ही पुढून खळखळतेय. एकदा उघडून बघू." मास्तर म्हणायचे, "तुझं लग्न होऊन जाऊ दे, मग उघडू." माझं भाग्य असं तिच्या लग्नाला टांगलेलं होतं.

ते लग्न ब्याण्णव साली ठरलं. ठाण्याचा आरोन नावाचा मुलगा होता. तारीख तीस ऑगस्ट, रविवार, दुपारी चार वाजता. दुसऱ्या दिवशी सोमवारी गणपती. ज्युडिथचा हट्ट एकच होता, की लग्न पेणच्या प्रार्थनालयात लागायचं, कारण तिच्या आईचं लग्न तिथे लागलं होतं. आता बेने इस्रायल लोकांत दहा पुरुष हजर असल्याशिवाय लग्नाचे सात आशीर्वाद म्हणत नाहीत. एके काळी दहा काय, शंभर मिळायचे. आता मास्तरांना बोटं मोजावी लागली. आरोनकडचे सहा, अलिबागकडून दोघे, स्वतः मास्तर नववे. दहावे नथानियलकाका. ते खांब गावात, हमरस्त्यालगत राहत. वय ऐंशीच्या पुढे, कंबर मोडलेली, एसटीची पायरी चढणं अशक्य. पण सात आशीर्वादांची जुनी चाल फक्त त्यांनाच येत होती आणि ज्युडिथच्या आईच्या लग्नात ती त्यांनीच म्हटली होती. त्यांना गाडीत घालून पेणला न्यायचं हे महिनाभर आधी ठरलं होतं. दुसरी गाडी मिळण्यासारखी नव्हती. गणपतीच्या आदल्या दिवशी पेण-रोह्याकडे मोकळा टेंपो किंवा जीप शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. जे चाक फिरतं ते गणपतींना वाहिलेलं असतं.

रविवारी सकाळी आठ वाजता मास्तरांनी नवा कोट चढवून चावी फिरवली. स्टार्टर फिरला, पण गाडी सुरू झाली नाही. पुन्हा फिरवली. कार्बोरेटरमधून एकदा 'फट्' असा आवाज आला आणि धूर निघाला, बस्स. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. मला आत कळत होतं काय झालंय ते. मी जागेवर नव्हते. पण साखळीला बोलता कुठे येतं?

केरू स्कूटरवरून पेटी घेऊन आला. हॉर्न वाजवून त्याने बॅटरी पाहिली, ती खणखणीत होती. प्लगची वायर बॉडीजवळ धरली, निळी ठिणगी उडाली. पॉइंट घासले, पेट्रोलचा पाइप काढला, पेट्रोलही येत होतं. त्याने कपाळाला हात लावला.

"मास्तर, करंट हाय, पेट्रोल हाय. मंग ही रुसली कशापायी? कार्बोरेटरच धुतो."

कार्बोरेटर धुऊन झाला. मग त्याने करंटची वेळ पुढे करून पाहिली, मागे करून पाहिली. गाडी दोनदा फटफटली आणि गप्प झाली. नऊ वाजून गेले. मास्तर कोटाचं बटण लावत होते, काढत होते. गल्लीतले लोक जमले. त्यांत शेजारचा हिरामणही होता. तो पेणहून कच्चे गणपती आणून रंगवून विकायचा. हाताला लाल-पिवळा रंग लागलेला, तो मागे भिंतीला टेकून खाली बघत उभा होता. एरवी हिरामण सगळ्यांच्या पुढे असायचा.

ओटीवर ज्युडिथ पाटावर बसलेली होती. दोन्ही हात मेंदीने लाल. मास्तरांची बहीण तामारआत्या तिची वेणी घालत होती. पुन्हा एकदा स्टार्टर फिरला आणि ज्युडिथ अर्ध्या वेणीनिशी उठली.

"केरूदादा, थांब. बॅटरी मारशील. आवाज ऐकलास का?"

"आवाज काय ऐकायचा? स्टार्टर फिरतोय की झकास."

"तेच म्हणतेय मी. रोज एवढा झकास फिरतो का? रोज अडखळत फिरतो. आत हवा दाबली जाते तेव्हा त्याला जड जातं. आज बघ, सुर्रकन फिरतोय. हिच्यात दमच नाय."

मित्रांनो, मी आत शहारले. कान असावा तर असा!

"प्लग काढ चारी," ती म्हणाली, "आणि हँडल मार. भोकावर अंगठा धरून बघ, हवा ढकलते का."

केरूने आपला अंगठा पाहिला. "माझा अंगठा आता पान्यासारखाच झालाय गो. त्याला हवा काय नि दगड काय."

ज्युडिथ खाली उतरली. तामारआत्या ओरडली, "अगो, मेंदी हाय हाताला! नवरी हायस तू आज! ग्रीसात हात घालतेस काय?" तोवर ज्युडिथच्या उजव्या हाताचा अंगठा प्लगच्या भोकावर गेलाही होता. केरूने गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवलं. हवेने अंगठा उडायला पाहिजे होता. तो उडाला नाही, नुसती फुंकर आली. दुसऱ्या भोकाला तेच, तिसऱ्याला आणि चौथ्यालाही तेच.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," केरू म्हणाला.

"चारींच्या? एका दमात? शुक्रवारी दुपारी बाबांनी हिच्यातूनच नारळ आणले. घरातल्या चौघांना एकदम ताप आला तर चौघांनी पाणी कुठलं प्यालं ते बघायचं, केरूदादा. झडपा चुकीच्या वेळेला उघडतायत. चेन सरकलीय."

चेन! सतरा वर्षांत त्या दारात माझं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं असतं, पण अंगात तेलाशिवाय काही नव्हतं.

केरू मात्र हसला, आणि त्याचं हसणं अगदी चुकीचंही नव्हतं. "चेन सरकते ती चालत्या इंजिनात. शुक्रवारी गाडी धडधाकट येऊन उभी राह्यली. मंग उभ्या गाडीत चेन उडी मारील काय? ती काय माकड हाय?"

मास्तरांनीही मान डोलावली. "काल शनिवार होता, ज्युडी. शनिवार आपला विश्रांतीचा वार, मी चावीला शिवत नाही, तुला ठाऊक आहे. चावी कपाटात होती आणि गाडी बंद. तिला कुणी हातही लावलेला नाही."

ज्युडिथने बोनेटवरचा हात मागे घेतला. मी आतून किती तळमळले असेन! बाई, माघार घेऊ नकोस, तूच बरोबर आहेस, हे तिला सांगणार कोण? केरू पुन्हा कार्बोरेटरकडे वळला. अकराची पॅसेंजर पकडायची तर आता निघायला हवं होतं. मास्तर हळूच म्हणाले, "आपण रेल्वेने जाऊ पेणला. वेळेवर पोचू तरी." पण आवाजात जीव नव्हता. खांबला रेल्वे जात नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नथानियलकाका नाहीत तर दहा नाहीत, आणि दहा नाहीत तर आशीर्वाद नाहीत.

ज्युडिथ खाली मान घालून उभी होती. आणि म्हणूनच तिला तो डाग दिसला.

माझ्या झाकणाच्या सीलातून बरीच वर्षं तेल ठिबकत असे. मास्तर गाडी रोज एकाच जागी लावत, नाक चढाला आणि शेपूट नदीकडे. त्यामुळे फरशीवर एक काळा गोल डाग पडला होता. तो डाग इंजिनाखाली हवा होता. आज तो गाडीच्या नाकापुढे चांगला आठ हात अंतरावर होता.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी मागे गेलीय."

सगळे डागाकडे बघायला लागले. मास्तरांनी गणित्याच्या सवयीने पावलं टाकून अंतर मोजलं. तेवढ्यात मागच्या भिंतीपासून आवाज आला.

"मीच ढकलली, मास्तर."

हिरामण पुढे आला. रंगाचे हात त्याने पाठीमागे धरले होते. "काल दुपारी टेंपो आला गणपती न्यायला. तुमच्या गाडीचं नाक आडवं येत व्हतं. तुम्हाला हाक मारणार व्हतो. पण म्हटलं शनवार हाय, मास्तर आज चावीला हात लावत नाय. आपल्यापायी त्यांचा शनवार कशाला मोडायचा? गाडीची दारं बंद व्हती. मंग आठ जणांनी मिळून मागं रेटली. लय जड गेली. पुढून खडाडखड वाजली, मला वाटलं दगड आला चाकाखाली." त्याने ज्युडिथकडे पाहिलं. "सकाळपासून सांगीन म्हणतोय. लग्नाच्या दिवशी तोंड उघडाया धीर झाला नाय."

आता मास्तरांच्या गाडीचा हँडब्रेक नावालाच होता. म्हणून ते गाडी नेहमी पहिल्या गियरमध्ये ठेवत. गियरमधली गाडी उलटी ढकलली की इंजिनही उलटं फिरतं. मी नेहमी एका बाजूने ताणलेली आणि दुसऱ्या बाजूने सैल असते. उलटं फिरताना सगळा ताण भलत्याच बाजूला आला, थकलेल्या टेन्शनरने हात टेकले आणि मी दातांवरून घसरले. आठ धट्टेकट्टे गडी 'गणपती बाप्पा मोरया' म्हणत रेटत होते, माझा काय निभाव लागणार? मित्रांनो, अशी चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती. तिथे सरळ दार ठोठावून मालकाला उठवला असता.

केरू हिरामणवर उखडणार होता. मास्तरांनी हात वर केला. ते हिरामणजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या रंगाच्या हातांना धरून ते पुढे ओढले.

"हिरामण, तू माझा शनिवार राखलास," मास्तर म्हणाले. "अरे, माझे स्वतःचे भाऊबंद एवढा विचार करत नाहीत." मग नाक पुसून म्हणाले, "पण येड्या, डाव्या खिडकीची काच दाबली की खाली जाते! हात घालून गियर काढायचा होतास."

सगळे हसले. पण घड्याळ हसत नव्हतं. केरूने हिशेब सांगितला. रेडिएटर काढायचा, पुली काढायची, झाकण काढायचं, लावायचं, दोन-अडीच तास तर गेलेच. आणि उघडल्यावर चेन जागेवरच निघाली तर? गाडीही गेली आणि रेल्वेही गेली.

"उघडायच्या आधी खात्री करून घेऊ," ज्युडिथ म्हणाली. तिने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढायला लावलं. त्यात रोटर नावाचा एक छोटा दांडा फिरतो. तो वरच्या चाकाच्या बाजूने चालतो, आणि हँडल खालच्या चाकाला धरून असतं. "हँडल जरासं पुढे घे, केरूदादा. आता मागे. परत पुढे. सगळ्यांनी रोटर बघा."

हँडल हललं, रोटर ढिम्म. हँडल आणखी हललं, रोटर ढिम्मच. चांगलं चार बोटं हँडल फिरल्यावर रोटर कसाबसा जागा झाला. मधली सगळी ढिलाई माझी होती. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला. शेवटी माझ्या वतीने कुणीतरी साक्ष दिली होती.

केरूने हँडल खाली ठेवलं आणि रोटरला बोट लावून पाहिलं. "दोन वर्सं मी हिचे टॅपेट आवळतोय," तो म्हणाला. "चुकलो, मास्तर. पुन्हा नापास झालो."

"परीक्षा अजून संपलेली नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी नवा कोट काढून खुंटीला लावला. अकराच्या पॅसेंजरने सामान घेऊन तामारआत्या एकटीच पेणला गेली. पूल ओलांडताना गाडीने शिटी दिली, ती इथवर ऐकू आली. मास्तरांनी मान वर केली नाही.

मग काय ते काम चाललं म्हणता! केरू आडवा झाला. हिरामण आणि त्याचे गडी रेडिएटर उचलत होते, मास्तर नट-बोल्ट ओळीने वर्तमानपत्रावर मांडून प्रत्येकाखाली नंबर लिहीत होते. सव्वाबाराला झाकण निघालं आणि इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडलं. ज्युडिथने वाकून पाहिलं. खालचा ठिपका वर बघत होता, वरचा ठिपका भलतीकडे. ती दात मोजत गेली.

"दोन दात! बाबा, दोन दात सरकलीय!"

गल्लीत असा गलका झाला की जणू कुणी उंचावरची दहीहंडी फोडली. केरूने मला उतरवलं, पुसलं, ठिपका ठिपक्यासमोर आणला आणि मला पुन्हा चढवलं. टेन्शनरच्या स्प्रिंगमागे एक वायसर घालून तिला जोर आणला. "आजचा दिवस काढील," तो म्हणाला. आजचाच दिवस पाहिजे होता.

शेवटी एक अडचण निघालीच. झाकणाखालचं पॅकिंग फाटलं होतं, त्याशिवाय तेल धो धो गळलं असतं. दुकानं गणपतीमुळे रविवारी उघडी, पण असलं पॅकिंग कुणाकडे नव्हतं. मास्तर आत गेले आणि उरलेल्या लग्नपत्रिका घेऊन आले. जाड, गुळगुळीत कागद. ज्युडिथने तीन पत्रिका झाकणावर ठेवून कडेने खुणा केल्या, हिरामणने रंगकामाच्या कात्रीने नाजूक कापल्या. ग्रीस लावून केरूने त्या बसवल्या आणि झाकण बंद केलं. ज्युडिथने फक्त अंगठा वापरला होता. पण मेंदी लावलेला तो अंगठा आता काळाकुट्ट झाला होता आणि साबणाने निघेना.

दीड वाजला. बॅटरी अर्धमेली होती, म्हणून हँडलवरच सुरू करायचं ठरलं. हिरामण पुढे झाला. "ढकलली मी, उठवनार पन मीच." मास्तर स्टिअरिंगवर बसले. हिरामणने हँडल धरलं, गणपतीचं नाव घेतलं आणि एक झटका दिला. हँडल या वेळी जड गेलं. दम होता! दुसऱ्या झटक्याला इंजिनाने खोकला काढला आणि तिसऱ्याला ते धडधडून उठलं. मी धावत होते, मित्रांनो! खुणेला खूण लावून धावत होते. केरूने हिरामणला मिठी मारली आणि दोघेही रंगाने नि ग्रीसने बरबटले. मास्तर गाडीतूनच ओरडले, "केरू, पास! पहिल्या वर्गात पास!"

ज्युडिथ वेणी पुरी करून मागे बसली, केरू पेटीसकट पुढे. कोलाडवरून खांबला पोचलो तेव्हा नथानियलकाका रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसले होते. काळा कोट, डोक्याला टोपी, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक. ते सकाळी दहापासून तिथे बसले होते. "तू येशील हे ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण मास्तर, तुझ्या गाडीची खळखळ कुठे गेली? मी आवाजाने ओळखतो तिला." म्हणजे खळखळ सगळ्यांना ऐकू येत होती तर!

नागोठणं मागे पडलं. वडखळच्या नाक्यावर गणपतींचे टेंपो एकामागे एक अडकले होते. मास्तरांना घाम फुटला. तेव्हा एका टेंपोवाल्याने मागे नवरी पाहिली आणि हात करून सगळी रांग बाजूला घ्यायला लावली. दोन्ही बाजूंना गणपती आणि मधून आमची गाडी, अशा थाटात आम्ही पुढे निघालो. चारला दहा मिनिटं असताना पेणच्या प्रार्थनालयापुढे गाडी थांबली. दारात आरोन उभा होता. नथानियलकाकांना दोघांनी हात धरून उतरवलं आणि आतून कुणीतरी मोठ्याने म्हटलं, "दहा!"

मी बाहेर, अजून गरम. आतून सात आशीर्वादांची ती जुनी चाल ऐकू आली. आवाज म्हातारा होता, पण एक सूर चुकला नाही. नंतर केरूने मला सांगितलं की अंगठी घालायला ज्युडिथने उजवा हात पुढे केला तेव्हा तो काळा अंगठा सगळ्यांना दिसला. आरोनने विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "दहावा माणूस आणायचा होता ना." मग रिवाजाप्रमाणे नवऱ्याने पायाखाली पेला फोडला आणि टाळ्या पडल्या.

पुढच्या आठवड्यात मुंबईहून नवी चेन आली आणि मी निवृत्त झाले. केरूने मला भंगारात टाकलं नाही. आता कुणी 'गाडी सुरू होत नाही' म्हणत आलं की तो आधी पान्याला हात लावत नाही. आधी विचारतो, "शेवटची कधी चालली? त्यानंतर कुणी हलवली काय?" मग मला खिळ्यावरून काढून आडवी धरतो. मी अशी लोंबते की बघणाऱ्याला झिजणं म्हणजे काय ते कळतं. आणि मास्तर? दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ते गाडी गियरमधून काढतात आणि चाकांखाली दोन दगड लावतात, म्हणजे हिरामणचा टेंपो आला तर शनिवारी खुशाल ढकलता यावी.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी झाकणाआड बसून सगळ्यांचा ताल सांभाळत असेल. त्याची खळखळ ऐकू आली तर 'जुनं आहे, बोलायचंच' म्हणू नका. आणि हातून चूक झाली तर हिरामणसारखी सांगून टाका, थोडी लवकर सांगितलीत तर आणखी बरं. माझ्या मनात मात्र आता कुणाबद्दल राग नाही. तो कसा गेला ते सांगते. नवी चेन घालताना केरूने झाकण उघडलं, तेव्हा पत्रिकांचं ते पॅकिंग सोलून निघालं, पण छपाईची शाई झाकणाच्या पत्र्यावर उलटी उमटून राहिली होती. केरूने समोर आरसा धरला आणि वाचून दाखवलं. "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे." लग्नाचं आमंत्रण मलाही होतं, आणि मी वेळेवर पोचले होते.